यादीत नाव हाय, मशीनमध्ये न्हाई

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेत फरशीलासुद्धा ठाऊक आहे. आष्टीच्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. रोज परतूरहून स्कूटीवर अप-डाउन. त्या रस्त्यावर डांबर कमी आणि खड्डे फार, त्यामुळे फाटकात शिरते तेव्हाच माझा पारा अर्धा चढलेला असतो. उरलेला अर्धा आमचे हेडसर चढवतात. ही गोष्ट मात्र मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलू शकत नाही. तशी ढकलून बघितली, तिथंच तर सगळा घोळ झाला.

लॅबमध्ये दहा मशीन आहेत. कुठल्याशा योजनेतून आली, ती लिनक्स घालूनच आली. गावातला जो तो मोबाइल दुरुस्तीवाला मला विचारतो, "मॅडम, इंडोज टाकून देऊ का?" वडीगोद्रीला माझा भाऊ हायवेवर मोबाइलचं दुकान चालवतो, तोही तेच विचारतो. मी दरवेळी म्हणते, नको बाबा, आहे ते बरं चाललंय.

दाराजवळचं एक नंबरचं मशीन इतिहासाच्या सरांचं. सरांना जन्मापासून दिसत नाही. दहावीचा इतिहास ते पंधरा वर्षं शिकवतात, आणि वर्गात कोण खिडकीबाहेर बघतंय हे नाव घेऊन सांगतात. कसं ओळखता विचारलं तर म्हणतात, "खिडकीकडं तोंड केलं की श्वासाचा आवाज बदलतो." खरं की खोटं देव जाणे, पोरं मात्र सरळ बसतात.

त्या मशीनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे. दोन वर्षांपूर्वी मीच तो चालू करून दिला होता. सर हेडफोन लावतात, माउसला हात लावत नाहीत, सगळं किबोर्डवर. मशीन पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं बोलतं, पण मराठी बोलतं. पहिल्यांदा बोललं तेव्हा सर खुशीत येऊन म्हणाले, "ताई, आंधळा मागतो एक डोळा, अन् तुम्ही दिला कान!" शाळेत मला सगळे मॅडम म्हणतात. ताई म्हणणारे तेवढे एकटे सर.

यंदा संस्थेनं नवा नियम काढला. ज्याचा विषय, त्यानंच मार्क कॉम्प्युटरवर भरायचे, स्वतःच्या हातानं. संस्थेचे सचिव हेडसरांना म्हणाले, "मंग दहावीचा इतिहास दुसऱ्याकडं द्या. ह्यांना सहावी द्या, तिथं काय, गोष्टीच सांगायच्या असतेत." हे सरांच्या कानावर गेलं. आणि सरांच्या कानावर जात नाही असं शाळेत काही नाही. ते काठी टेकत थेट ऑफिसात गेले आणि म्हणाले, "मी भरतो की. माझ्या हातानं भरतो." सचिवांनी फोनवरूनच उत्तर दिलं, "शनिवारी स्टॉक बघायला येऊन राह्यलो. तवा दाखवा भरून. जमलं तर दहावी तुमची, न्हाई तर न्हाई."

दहावी काढून घेतली म्हणजे काय होतं, हे मास्तर असल्याशिवाय कळायचं नाही. पगार तोच राहतो. पण टपरीवर चहा पिताना लोक विचारतात, "कामून काढली हो सर दहावी?" आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत, कारण उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. सरांच्या बाबतीत तर काय, बघितलं की उत्तर समोरच उभं.

सरांनी महिनाभर सराव केला. मधल्या सुट्टीत डबा अर्धा ठेवून लॅबमध्ये यायचे. रोल नंबर, मार्क, एंटर. रोल नंबर, मार्क, एंटर. मशीन एक एक रकाना वाचायचं आणि सर मान हलवायचे. एकदा मी म्हटलं, "सर, जेवा तरी निवांत." म्हणाले, "ताई, भाकर पळून जात न्हाई. दहावी जाईल."

आता हेडसरांकडे येते. सचिव स्टॉक बघायला येणार म्हटल्यावर हेडसरांना दुसरं काही सुचेना. त्यांचा जीव डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहे. शाळेतल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर, प्रत्येक बाकाच्या पायावर त्यांनी पांढऱ्या ऑइल पेंटनं नंबर टाकलेत. माठाच्या झाकणालाही नंबर आहे. गुरुवारी दुपारी ते रजिस्टर बगलेत मारून लॅबमध्ये आले. म्हणाले, "मॅडम, प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये काय काय सॉफ्टवेअर हाय त्याची यादी पायजे. जल्दी."

मी म्हटलं, त्यात काय, दोन मिनिटांचं काम. काळी खिडकी उघडली, डीपीकेजी मायनस एल टाइप केलं आणि एंटर मारला. ही आज्ञा दिली की मशीनमध्ये बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची नावं एकाखाली एक येतात. ओळी अशा धावायला लागल्या की हेडसर चक्क मागे सरकले.

"किती हायत हे?"

मी मोजून सांगितलं, "अठराशेच्या वर."

"अठराशे? आपल्याला दिले कोणी एवढे?"

मी समजावलं. सर, एका प्रोग्रामला पाच-पन्नास छोटी पॅकेजं लागतात. नवरदेव एकटा येतो का मांडवात? वऱ्हाड येतंच. हेडसरांना वऱ्हाड पटलं, पण त्यांचं घोडं दुसरीकडेच अडलेलं. "नंबर कुठं टाकायचा मंग ह्यांच्यावर?"

"सर, ते हातात येत न्हाई."

"हातात येत न्हाई ती वस्तू स्टॉकला कशी घ्यायची?"

हेडसरांनी यादीची प्रिंट काढायला लावली. पानंच्या पानं. मग माझ्याच टेबलावर बसून पेन्सिलीनं एक एक नाव तपासायला लागले. तेवढ्यात लाइट दोनदा जाऊन आली, नववीच्या पोरांनी एका किबोर्डची बटणं उचकटली, आणि हेडसरांनी एकदम कागदावर बोट ठेवलं. "हे बघा! एकच नाव तीनदा. डबल नोंद हाय ही. ऑडिटवाले पहिलं बोट इथंच ठेवतेत. अशा डबल नोंदी काढून टाका."

त्या डबल नोंदी नव्हत्या. नावाचा पुढचा भाग सारखा, मागचा वेगळा. एकाच घरातली भावंडं म्हणा. हे मला कळत होतं. मी तसं म्हटलंही, पण एकदाच. त्यावर हेडसर म्हणाले, "कॉम्प्युटरच्या मॅडम असून तुम्हाला एक यादी सरळ करता येईना?"

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ पाहिजे ना? घ्या सरळ. त्यांनी पेन्सिलीनं टीक मारलेली सगळी नावं मी एका दमात एकाच ओळीत टाइप केली. काढून टाकायची आज्ञा आधी, मग नावांची शेपटी. मशीननं मला विचारलं होतं. काय काय जाणार त्याची यादी समोर मांडून विचारलं होतं, काढू का? मी न वाचता वाय दाबला आणि एंटर आपटला. एक नंबरवर केलं, दोन नंबरवर केलं, असं करत दहाच्या दहा मशीनवर तीच ओळ चालवली. हेडसरांनी नवी प्रिंट काढू दिली नाही, कागद वाया जातो म्हणाले. जुन्याच कागदांवर त्या नावांवर लाल पेनानं रेघा मारल्या आणि समाधानानं गेले. मीही रागातच घरी गेले. शुक्रवारी सर दुसऱ्या शाळेवर इतिहासाच्या शिक्षकांच्या बैठकीला गेले होते, त्यामुळे एक नंबरला कुणी हात लावला नाही.

शनिवारी सकाळची शाळा. सचिव आठला आले. बाक बघितले, माठ बघितला, मग म्हणाले, चला, तुमचं ते मार्कांचं दाखवा. वर "दहावीच्या पोरांनाबी बोलवा, बघू द्या," असं म्हणून सगळा वर्ग लॅबमध्ये भिंतीला लावून उभा केला. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. खुर्चीवर बसले, हाताने टेबलाची कड चाचपली, हेडफोन काढून स्पीकर जोडायला लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. मग वाचणारा आवाज चालू करायची तीन बटणं एकदम दाबली, रोज दाबतात तशी.

काहीच नाही.

परत दाबली. काहीच नाही. सरांनी मान जरा वाकडी केली, खोलीत कुठूनतरी आवाज येईल अशी वाट बघत राहिले. सचिवांनी घड्याळात बघितलं. भिंतीजवळ कुणीतरी खोकलं. मी धावत पुढे गेले, स्पीकरची वायर काढून घातली, एक गाणं लावून बघितलं. गाणं ठणठणीत वाजलं. म्हणजे स्पीकर ठीक. वाचणारा प्रोग्रामही चालू दिसत होता. मग काळी खिडकी उघडून यादी काढली, त्यातून आवाजाशी संबंधित नावं तेवढी गाळून घेतली. आली की नावं समोर. सगळी हजर.

"मॅडम, मशीन बिघडलं का?" सचिवांनी विचारलं.

"न्हाई सर. मशीन बराबर हाय. सगळं बसवलेलं हाय, ही बघा ना यादी."

"मंग?"

या 'मंग'चं उत्तर द्यायला मला कुणी बंदूक लावली नव्हती. बघते म्हणू शकले असते. दहा मिनिटं द्या म्हणू शकले असते. पण माझी लॅब, माझी मशीन, माझ्याकडं बोट आलं की माझं डोकं चालत नाही, जीभ चालते. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. मी म्हटलं, "सरांच्याच हातून काहीतरी दबलं असेल."

सचिव हसले. "म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं," ते हेडसरांना म्हणाले, हळू म्हणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. भिंतीजवळ एक पोरगा फिसकन हसला. पहिल्या रांगेतल्या मुलीनं मान खाली घातली. सरांनी हात किबोर्डवरून उचलले. बाजूला ठेवलेल्या हेडफोनची वायर नीट गुंडाळली, जशी ते रोज गुंडाळतात, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "असेल."

एवढंच. असेल. मग काठी घेऊन उठले.

शाळा सुटायच्या आत हेडसरांनी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर वेळापत्रक बदललं. दहावीच्या रकान्यातून सरांचं नाव पुसलं, सहावीच्या रकान्यात लिहिलं.

शाळा सुटली. मी घरी गेले नाही. वाईट वाटत होतं म्हणून थांबले असं खोटं सांगणार नाही. मला मशीनचा राग आला होता. सगळं आहे आणि बोलत नाही म्हणजे काय! माझ्या लॅबमधलं मशीन मला न जुमानता गप्प बसतं म्हणजे काय! मी खुर्ची ओढली, तीच यादी परत काढली, आणि या वेळी नावांवरून नजर फिरवायच्या ऐवजी ओळ डावीकडून वाचायला सुरुवात केली.

यादीत प्रत्येक नावाच्या आधी दोन अक्षरं असतात. इतकी बारीक आणि इतकी नेहमीची की त्यांच्याकडे कुणी बघत नाही. दोन आय असले म्हणजे पॅकेज बसवलेलं आहे. आर आणि सी असलं म्हणजे पॅकेज काढून टाकलंय, फक्त त्याच्या सेटिंगची फाइल तेवढी मागे उरलीय. आवाज तयार करणारं जे पॅकेज, त्याच्या आधी आर-सी होतं. यादीत नाव होतं. मशीनमध्ये पॅकेज नव्हतं.

आमच्याकडे दिवाळीनंतर निम्म्या वर्गाचं असंच होतं. हजेरीपटावर नाव असतं, आणि लेकरू आईबापाबरोबर अंकुशनगरकडं उसाच्या फडात गेलेलं असतं. नवीन आलेला मास्तर पट बघून म्हणतो, पट तर भरलाय. जुना मास्तर बाक बघतो. मी इतकी वर्षं या शाळेत आहे, पोरांच्या बाबतीत मला हे कुणी शिकवायला लागत नाही. आणि शनिवारी भरल्या खोलीत मी पट दाखवून सांगितलं, सगळे हजर आहेत.

मग मनात आलं, काढलं कुणी? नववीची पोरं. नाहीतर तो जालन्याहून येणारा दुरुस्तीवाला. शोधतेच, म्हटलं, एकेकाचे कान उपटते. मशीन अशा गोष्टींची नोंद ठेवतं. कुठलं पॅकेज कधी बसवलं, कधी काढलं, कुठली आज्ञा देऊन, आणि कुणाच्या नावानं. मी ती फाइल उघडली, शेवटाला गेले. गुरुवार. दुपारची वेळ. ती लांबलचक ओळ, काढायची आज्ञा आधी आणि नावांची शेपटी मागे. आणि खाली, कुणी सांगितलं, त्यापुढे माझं नाव.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असं आपण म्हणतो. इथं चोरानंच दिली.

मग पहिल्यांदा काय केलं असेल, तर हेडसरांचे ते लाल रेघांचे कागद शोधले. टीक त्यांची होती ना! सापडले. आवाजाच्या पॅकेजवर त्यांचीच टीक, त्यांचीच लाल रेघ. क्षणभर बरं वाटलं. पण टीक मारणाऱ्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळणारीनं वाय दाबला होता, हे काही कागदानं बदलेना.

शाळेचं नेट बंद होतं, ते नेहमीच असतं. मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला, तिथं जरा रेंज येते, आणि त्याच्यावरून पॅकेज परत उतरवलं. एका फोटोएवढंही नव्हतं ते. मिनिटभरात बसलं. यादी काढली, दोन आय. तीन बटणं दाबली आणि रिकाम्या लॅबमध्ये ते पत्र्याच्या आवाजात बोललं. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट चिडचिड वाढली. एवढंसं होतं! दहा मिनिटं मागितली असती तर सचिवांच्या समोर झालं असतं.

आता सगळं सांगतेच आहे तर हेही सांगते. नोंदीची ती फाइल उघडीच होती. पासवर्ड माझ्याकडे होता. त्या चार ओळी पुसल्या असत्या तर पृथ्वीवर कुणाला कळलं नसतं. सोमवारी म्हटलं असतं, काय झालं होतं कुणास ठाऊक, चालू झालं बघा आपोआप. मी त्या ओळी निवडल्या. निळ्या झाल्या. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. पुढं मला देव आठवला, आईचे संस्कार आठवले, असं काही नाही. लाइट गेली. यूपीएसनं दोन कुई केल्या आणि सगळं काळं झालं. मी लॅबला कुलूप लावलं आणि घरी आले.

रविवारी दिवसभर मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, "त्या पातेल्यानं काय गुन्हा केलाय?" मी म्हटलं, "तुमचं काय जाऊन राह्यलंय?" सरांचा नंबर दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. फोनवर काय सांगणार? आणि सांगितलं तरी ते म्हणणार, असेल. तो 'असेल' मला परत ऐकायचा नव्हता.

सोमवारी परिपाठ झाल्या झाल्या मी हेडसरांना म्हटलं, पाच मिनिटं लॅबमध्ये चला. मग सहावीच्या वर्गाच्या दारात गेले. सर पोरांना नाव विचारत होते, एकेकाचा आवाज ओळखीचा करून घेत होते. मी म्हटलं, "सर, जरा लॅबमध्ये येता का?"

"राहू द्या मॅडम," सर म्हणाले. "माझ्या हातून अजून काही दबायचं."

मॅडम. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला कुणीतरी कानाखाली दिल्यासारखं झालं. मी म्हटलं, "सर, तुमच्या पाया पडते, चला." पोरं बघायला लागली तसे ते उठले.

एक नंबरवर त्यांना बसवलं. नोंदीची फाइल मी आधीच उघडून ठेवली होती, शेवटच्या ओळींवर. सगळं बोलायचं ठरवून गेले होते, पण फक्त म्हटलं, "सर, ही फाइल वाचा." त्यांनी तीन बटणं दाबली. आवाज आला तसे त्यांचे खांदे खाली आले. मग ते एक एक ओळ खाली जायला लागले, आणि मशीन वाचायला लागलं. तारीख. वेळ. काढून टाकायची आज्ञा. पॅकेजांची नावं, एकामागून एक, संपता संपेनात. आणि शेवटी, थंड पत्र्याच्या आवाजात, एक एक अक्षर तोडून, माझं नाव.

सरांनी वरचं बटण दाबून ती ओळ परत ऐकली.

हेडसर म्हणाले, "काय म्हणून राह्यलंय हे?"

"म्हणतंय, गुरुवारी दुपारी ह्या मशीनचा आवाज कोणीतरी काढून टाकला," सर म्हणाले.

"कोणी?"

नाव सरांनी दोनदा ऐकलं होतं. त्यांनी तोंड फक्त माझ्याकडे वळवलं, मी जिथं उभी होते बरोबर तिथं, आणि थांबले.

"मी," मी म्हटलं. "मीच काढला. डबल नोंद म्हणून. अन् शनिवारी सरांवर ढकललं."

हेडसरांना त्यांची लाल रेघ आठवली असावी, कारण ते एकदम चष्मा पुसायला लागले. मी त्यांनाच सचिवांना फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलले. सचिव मला अर्धा मिनिट जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं काही चूक होतं असंही नाही. शेवटी म्हणाले, "हेडमास्तरासमोर आज भरू द्या. भरले तर दहावी त्यांच्याकडंच ठेवा. अन् तुम्ही त्या कॉम्प्युटरपासून दूर ऱ्हा."

सरांनी मार्क भरले. रोल नंबर, मार्क, एंटर. हेडसर शेजारी कागद घेऊन प्रत्येक आकडा ताडून बघत होते. मी हात मागे बांधून दाराजवळ उभी राहिले. एकही चूक निघाली नाही. मला आनंद झाला पाहिजे होता, झालाही, पण त्यात सारखं टोचत होतं की हे शनिवारीच असंच झालं असतं. हेडसर फळ्यावरचं नाव बदलायला गेले. सरांनी हेडफोनची वायर गुंडाळली.

मी म्हटलं, "सर, माझं चुकलं."

"हां, चुकलं," सर म्हणाले. मोठ्या मनाचे वगैरे झाले नाहीत. उठून काठी घेतली, दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मॅडम, शनिवारी तुम्ही बोलल्या तवा खोली भरून माणसं होती. आज आपण तिघंच हावोत."

आणि गेले.

रात्रभर मला ते पुरलं. आधी राग आला. म्हटलं, सगळं तर केलं, सचिवांच्या शिव्या खाल्ल्या, आता काय पेपरात छापू? मग तो फिसकन हसलेला पोरगा आठवला. मान खाली घातलेली मुलगी आठवली. त्यांच्या लेखी सरांच्याच हातून काहीतरी दबलं होतं. आणि ती गोष्ट त्यांनी घरी जाऊन सांगितलीही असणार.

मंगळवारी पहिला तास दहावीचा इतिहास. मी दारात जाऊन उभी राहिले. सरांचं शिकवणं थांबलं, माझ्या चपलांचा आवाज त्यांना ओळखू येतो. मी विचारलं, "सर, येऊ का आत?" त्यांनी हातानं या म्हटलं. मी फळ्यापाशी गेले. समोर तीच सगळी पोरं, तोच पोरगा, तीच मुलगी. या पोरांवर मी रोज ओरडते. माझा आवाज ग्राउंडच्या पलीकडे जातो. आणि आता तोंडातून निघेना. कसंबसं म्हटलं, "शनिवारी मशीन बोललं न्हाई, ते सरांमुळं न्हाई. ते माझ्या हातून..."

"मोठ्यानं बोला, ताई," सर म्हणाले. "मागच्या बाकावर ऐकू जात न्हाई."